पडलेल्या चित्रांचा हुसेनभाई

हुसेनभाई इंजिन दुरुस्त करून पैशांऐवजी रिळं मागायचा. चिंचवडला त्याचं गॅरेज होतं आणि तंबू-सिनेमावाल्यांची वीज करणारी इंजिनं त्याच्याशिवाय कुणाचं ऐकत नसत. गाजलेल्या चित्रपटाची रिळं कुणी देऊ केली, तर तो हात झटकायचा. "चालला त्यो पिच्चर सगळ्यांचा, राव. पडला त्यो माझा!"

मी पिंपरीच्या कारखान्यात लागलो आणि त्याच्या शेजारी बिऱ्हाड केलं, तेव्हा हा माणूस जरा सटकलेला आहे, असंच माझं मत झालं. पुढे सुट्टीच्या दुपारी गॅरेजची दारं लावून, फटींत गोणपाट कोंबून आम्ही त्याची पडलेली चित्रं बघू लागलो आणि मीही सटकलो.

त्याचा सगळ्यात लाडका होता एक मूकपट. भंगारातून आणलेला, नाव नाही, डब्यांवर आकडे नाहीत. रिळांचा क्रम हुसेनभाईनंच लावला होता. आधी थाटात लग्न, मग नायकाची वणवण, मारामारी, कपाळाला जखम. शेवटी तो नायिकेच्या दाराची कडी वाजवतो आणि रीळ संपतं. लग्नाची बायको दार लावून का बसली, असं विचारलं की हुसेनभाई म्हणे, "रुसलीया." पण पुढे दार उघडलं की नाही, हे त्याला सहा वर्षं छळत होतं. त्या शेवटच्या रिळासाठी त्यानं पुण्यातली भंगाराची दुकानं पालथी घातली होती.

एका दुपारी माझी बायको सुशीला पहिल्यांदाच तो मूकपट बघायला आली. संपल्यावर म्हणाली, "हुसेनभाई, मार नंतर बसतो ना? मग लग्नात त्याच्या कपाळावर वण कसा?"

"काय तरीच काय, वहिनी! शंभरदा बघितलाय म्या."

तरी त्यानं फणकाऱ्यानं लग्नाचं रीळ पुन्हा चढवलं. मुंडावळ्यांच्या आड वण होता, चांगला बोटभर.

हुसेनभाई डोक्याला हात लावून उभा राहिला आणि मग गॅरेज दणाणेल असा हसला. "उघडलं! दार उघडलं की, वहिनी! लगीन तर शेवटाला हाय. सहा वरसं त्या गड्याला म्याच भायेर उभा केला व्हता!" हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

चहा पिताना तो एकदम म्हणाला, "पर मग ही दोघं भेटली कुठं?"

लग्न शेवटी गेलं, म्हणजे सुरुवातीचंच रीळ आमच्याकडे नव्हतं. आता हा खचणार, असं मला वाटलं. त्यानं कप खाली ठेवला, अंगात सदरा चढवला आणि सायकल बाहेर काढली.

"बसा मागं, राव. दुकानं बंद व्हायच्या आत पुणं गाठू. पयली भेट बघाया पायजे का नको?"