चारशे बारा बोटं

खुर्च्यांच्या त्या कारखान्यात ती लग्न होऊन आली, त्याला सव्वीस वर्षं झाली. कारखाना म्हणायचा आपला. एक लांबोडी खोली, मागे पत्र्याची शेड, आणि वर राहतं घर. थोरले दीर लाकूड कापत. त्यांना सगळे दादाच म्हणत. तिचा नवरा जोडकाम करी. आणि ती, घरची धाकटी सून, तयार खुर्च्या कागदात गुंडाळी, पत्ते लिही, फोन घेई. तिच्या पाठोपाठ तिचा सख्खा मामाही इथे कामाला आला होता. मामा वेत विणायचा. भिजवलेला वेत त्याच्या बोटांतून असा सरकायचा, की वाटावं, पाणीच उभं-आडवं होऊन बैठकीवर निजतंय.

वर्षापूर्वी नवऱ्याने कॉम्प्युटर आणला आणि इंटरनेटवर दोन जाहिराती लावल्या. एकीत मामाने विणलेली वेताची खुर्ची, रिकामी. दुसरीत फळीच्या बैठकीची खुर्ची, आणि तिच्यावर नवा सदरा घालून, मिशीला पीळ देऊन बसलेले खुद्द दादा. कुठल्या जाहिरातीवर किती वेळा बोट दाबलं गेलं, हे कॉम्प्युटर दर आठवड्याला सांगे.

"फळी चारशे बारा, वेत नव्वद," नवऱ्याने एका सकाळी वाचून दाखवलं. त्याआधीचे तीन आठवडेही असेच गेले होते.

दादांनी हातातला रंधा खाली ठेवला. "जग फळीकडे चाललंय. आपण वेत बंद करू. मामांना महिनाअखेरीला मोकळं करू."

"पण फोनवर सगळे वेतच विचारतात," ती म्हणाली.

"फोन किती येतात? आठवड्याला दहा-बारा. इथे चारशे माणसं बोलतायत."

"बोलतायत कुठे? नुसती दाबतायत. फळीच्या खुर्च्या गेल्या किती, तेवढं सांगा."

"दोन," नवरा हळूच म्हणाला.

"जातील. माणूस आधी बघतो, मग घेतो. आणि तुझा मामा आहे म्हणून तुला..." दादांनी वाक्य तिथेच सोडलं.

सव्वीस वर्षांत माहेरच्या माणसासाठी तिने कधी शब्द टाकला नव्हता. आता टाकला, तर तो तोलायच्या आधीच हलका ठरला. मामा सदुसष्टचा, पाठीमागे कुणी नाही. दादांनी त्याला सांगितलं तेव्हा तो फक्त "बरं" म्हणाला आणि पुढचा वेत भिजत घालायला उठला. त्या दिवसापासून तिला दोरीची गाठ मारतानाही दम लागायचा. जिना चढताना मध्येच थांबावंसं वाटायचं.

महिना संपायला बारा दिवस होते, तेव्हा नणंद दोन दिवसांसाठी माहेरी आली. पायातली चप्पल काढायच्या आधीच तिचं सुरू झालं.

"दादा, सदऱ्यात काय दिसता हो! मी तर रोज उठल्याउठल्या तुमचं दर्शन घेते. आधी दाबते, मगच चहा."

"दाबतेस म्हणजे?" नवऱ्याने विचारलं.

"वा रे वा! तूच नाही का घरच्या ग्रुपवर पाठवलीस? आमच्याकडची तेरा माणसं दाबतात. सासूबाई तर दोनदा. एकदा स्वतःचं, एकदा मामंजींच्या वाटचं. त्यांना आता दिसत नाही ना."

नवऱ्याचा चेहरा उतरला. पहिल्याच संध्याकाळी त्याने दादांची जाहिरात कौतुकाने नातेवाइकांना धाडली होती आणि विसरून गेला होता.

"आणि थोरल्या वहिनीच्या माहेरी तर पैज लागते म्हणे," नणंदेचं चालूच होतं, "सकाळी पहिला कोण दाबतो त्याची."

थोरल्या जाऊबाईंनी पदर सावरला. "मीच सांगितलं होतं. म्हटलं, यांचा फोटो मागे पडायला नको."

धाकटीच्या हातात अर्धवट गुंडाळलेली खुर्ची होती. हसू यायला हवं होतं. तेवढंही बळ नव्हतं. तिने शांतपणे विचारलं, "वन्सं, वेताची खुर्ची कितीदा दाबलीत?"

"ती? तिच्यावर कुणी बसलेलंच नाही की!"

दादा खिडकीकडे बघत होते.

"दादा," ती म्हणाली, "आठ दिवस घरच्या कुणी हात लावायचा नाही. मग आकडा म्हणेल ते मला मान्य. मामासाठी पुन्हा तोंड उघडणार नाही."

दादांनी नुसती मान हलवली. नणंदेने त्याच दिवशी सगळ्यांना दटावलं. ते आठ दिवस फार लांब गेले. ती काम करत होती, पण कान कॉम्प्युटरच्या टेबलाकडे. मामा विणत होता, काहीच विचारत नव्हता, आणि त्याचं न विचारणंच तिला जास्त थकवत होतं.

नवव्या दिवशी नवऱ्याने वाचलं, "फळी एकतीस. वेत सत्त्याऐंशी."

दादा उठले, मागच्या शेडमध्ये गेले. ती दारापर्यंत मागोमाग गेली.

"मामा, वेत चालू राहील," दादा म्हणाले. "तुम्ही कुठे जायचं नाही."

मामाची बोटं थांबली नाहीत. "का? आकडा फिरला?"

"आकडा आमच्या घरचाच होता. माझ्या फोटोच्या कौतुकाचा."

"आणि उद्या बाहेरचा आकडाही तसाच आला तर?"

दादांनी खाली पडलेला वेताचा तुकडा उचलला, उगाच वाकवून पाहिला.

"राहीन मी," मामा म्हणाला. "पण रोज नाही. तुम्ही जा म्हणालात त्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू? पण त्याच रात्री कितीतरी वर्षांनी गाढ झोपही लागली. हात थकलेत, दादा. आठवड्याचे तीन दिवस येईन."

"तीन तर तीन," दादा पुटपुटले.

मामाने दाराकडे पाहिलं. "तुला सांगणारच होतो, पोरी. पण तू एवढी भांडत होतीस, मग कसं सांगू?"

ती उंबऱ्यावरच खाली बसली. आनंद व्हायला हवा होता. होईलही, उद्या-परवा. आत्ता तिचे पाय दुखत होते.