सुईला दोन माणसं लागतात

धुळ्याच्या एका दवाखान्यात आईचा नंबर यायची वाट पाहत आम्ही बसलो होतो. शेजारी पांढऱ्या टोपीतले साठीचे एक आबा होते. महिन्यापूर्वी त्यांचं इन्सुलिन बंद होऊन मधुमेहाच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. आई म्हणाली, "सुटलात हो तुम्ही!" आबांनी नुसती टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली.

नंबर लागल्यावर ते आत गेले, पण दार लावायचं विसरले. डॉक्टर खुशीत म्हणाले, "साखर छान आहे, आबा. गोळ्या लागू पडल्या."

"ते ठीक शे. पण मनं इंजेक्शन परत चालू करा."

"अहो, लोक सुई बंद करा म्हणून पाया पडतात माझ्या!"

मग आबांनी आवाज खाली आणला, तरी तो आमच्या बाकापर्यंत येत होता. मुलीच्या लग्नातल्या एका भांडणावरून बायकोने सहा वर्षं अबोला धरला होता. तरी रोज सकाळी काचेची सिरिंज उकळून तीच टोचायची. 'हात पुढे करा', 'हलू नका', एवढं तरी बोलायची. आता गोळी ते स्वतःच गिळून घेत, त्यामुळे तेही बंद झालं होतं.

"गोयी माणूस एकलाच गियी लेस, डॉक्टरसाहेब. सुईले दोन जण लागतस."

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. आबांनी बाहेर येऊन ती माझ्याकडून वाचून घेतली. 'गोळी रोज पत्नीनेच हातावर द्यावी. आधी जेवलात का, हे विचारावं.'

आबांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली.

"शिक्का नही शे यावर. ती मानाव नही," म्हणत ते पुन्हा आत शिरले.