बिस्किट कलर, तपासून पास

रंगातलं मला काहीही कळत नाही, असं आमच्या घरात सर्वानुमते ठरलेलं आहे. गेली सव्वीस वर्षं मी चाकणच्या एका कंपनीत रंग तपासण्याचाच पगार घेतो, ही गोष्ट त्या ठरावाच्या आड कधी आलेली नाही.

आमची कंपनी महागड्या गाड्यांच्या सीट बनवते. सीटवर चढवायचं लेदर आलं की त्याचा तुकडा मंजूर नमुन्याशी ताडून पाहायचा, शेड जुळली तर मागे ‘तपासले, पास’ लिहून सही ठोकायची, हे माझं काम. जुळली नाही तर अख्खा लॉट परत! माझ्या एका ‘नाही’पुढे मॅनेजरचंही काही चालत नाही. आणि घरी? हॉलच्या भिंतींचा रंग बायकोने ठरवला. पडद्यांचा रंग समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंनी ठरवला. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला माझ्या शर्टाचा रंग दुकानदाराने ठरवला (आणि मंगल, म्हणजे माझी बायको, त्याला म्हणाली, “यांना विचारू नका, यांना रंगातलं कळत नाही!”). पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते आमच्या पिंपळे गुरवच्या फ्लॅटमध्ये येऊन बघावं.

म्हणून आमची मुलगी ऋतुजा, जी वाकडला आयटीत आहे, एके दिवशी जेवताना म्हणाली की ती मोठी, चांगली, महागातली गाडी घेतेय, तेव्हा मी मान खाली घालून भात कालवत राहिलो. पण पुढे ती म्हणाली, “बाहेरचा रंग मी निळा ठरवलाय. आतल्या सीटचा रंग मात्र बाबा ठरवणार. फायनल.”

माझा घास घशात अडकला. मंगलचाही अडकला, पण वेगळ्या कारणाने.

“यांना काय विचारतेस?” ती म्हणाली.

“आई, बाबांचं तेच काम आहे.”

खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. त्याला कारण होतं. आमच्या कंपनीत तयार सीटवर बसायला सक्त मनाई आहे. सव्वीस वर्षांत बिस्किट रंगाच्या किती सीट माझ्या हाताखालून गेल्या असतील, त्याला गणती नाही. तो रंग मला फार आवडतो. चहात बुडवायच्या आधीचं बिस्किट असतं ना, तसा. पण त्यावर एकदाही टेकलेलो नाही. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली होती. आपण स्वतः पास केलेल्या बिस्किट रंगाच्या सीटवर एकदा तरी ऐसपैस बसावं, एवढीच माझी इच्छा होती.

रविवारी सगळे शोरूमला निघालो. भाचीची गाडी मामाशिवाय कशी घ्यायची, म्हणून चाकणजवळच्या गावाहून माझा मेहुणा दत्ताही सकाळीच आला होता. सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“दाजी, आज लई टेचात! गॉगल-बिगल?”

दत्ताची ही सवय जुनी आहे. माझ्या डोळ्यांवर होता तो ऋतुजाने महिन्यापूर्वी वाढदिवसाला दिलेला नवा चष्मा. फ्रेम जरा फॅशनेबल होती, एवढंच. “काच भारी आहे बाबा, उन्हाचा त्रास होणार नाही,” असं ती म्हणाली होती. आता, ऊन आणि मी यांची गाठ पडते कुठे? फर्स्ट शिफ्टला कंपनीची बस अंधारात निघते, दिवसभर ट्यूबलाइटखाली काम, तपासणीला लागतं ते ऊनसुद्धा खास दिव्याचं, आणि परतताना बसचा पडदा ओढून मी झोपतो. पण पोरीने प्रेमाने दिला, मी प्रेमाने घातला. त्यात टिंगल करण्यासारखं काय होतं? मी दत्ताशी शोरूम येईपर्यंत बोललो नाही.

शोरूममध्ये टाय लावलेल्या एका सेल्समनने आमच्यापुढे कार्ड उघडलं. त्यावर लेदरचे सहा चौकोनी तुकडे चिकटवलेले होते. ऋतुजाला नेमका तेव्हाच ऑफिसचा फोन आला. रविवारी! ती कोपऱ्यात जाऊन बोलत बसली, आणि मैदान मोकळं झालं.

“काळा घ्या,” मंगल म्हणाली. “डाग दिसत नाही.”

“काळा न्हाई गं ताई, उन्हात तापतंय. लाल घ्या, लाल!” दत्ता म्हणाला. “आमच्या सरपंचाच्या गाडीत लाल हाय. दार उघडलं की माणूस दोन पावलं मागं सरतंय.”

“माणसं मागे सरकवायला गाडी घेतोय का आपण?” मी म्हणालो. “आणि कोणीही शोरूमच्या दिव्याखाली रंग ठरवायचा नाही! हे दिवे फसवे असतात. रंग बघायचा तो उन्हात. असा नियम आहे.”

कार्ड उचलून मी सरळ बाहेर गेलो. कडक ऊन होतं, अगदी तपासणीला हवं तसं. मी कार्ड हातभर लांब धरलं, तिरकं धरलं, मान वाकडी करून पाहिलं. मागे तिघं येऊन उभी राहिली. पहिला तुकडा काळा. दुसरा काळपट लाल. तिसरा चॉकलेटी. चौथा आणि पाचवा असलाच काहीतरी राखाडी गोंधळ. आणि सहावा... अहाहा! चहात बुडवायच्या आधीचं बिस्किट!

“हा!” मी बोट ठेवलं.

तिघं एकमेकांकडे बघायला लागली.

“अहो, हा पांढरा आहे,” मंगल म्हणाली.

“हा बिस्किट आहे.”

“सर,” सेल्समन अदबीने म्हणाला, “बिस्किट हवा असेल तर तो तिसरा. हा सहावा व्हाइट आहे. याचं नावच ‘स्नो’ आहे.”

आता मात्र माझं डोकं फिरलं. मला शिकवतो! मला! “नावाचं सांगू नका,” मी म्हणालो. “रंगांना नावं ठेवणारे लोक एसीत बसतात. त्यांनी ना बर्फ पाहिलेला असतो, ना बिस्किट! आमच्याकडे ‘वाळवंट’ नावाची शेड आली होती, ती हिरवी निघाली. तिसरा म्हणे बिस्किट! अहो, तो धडधडीत चॉकलेटी आहे!”

“दाजी,” दत्ता हळूच म्हणाला, “गॉगल काढून बघा की.”

“हा गॉगल नाही!” मी ओरडलो. शोरूमचा वॉचमन दचकला. “नंबरचा चष्मा आहे! तो काढला तर मला कार्डच काय, तूसुद्धा दिसणार नाहीस!”

“मग थोडा येळ काढाच,” दत्ता पुटपुटला.

तरीही मी रागाच्या भरात निर्णय घेतला असं कोणी म्हणू नये. नियमाप्रमाणे रंग दोन प्रकाशांत बघायचा असतो. मी तरातरा आत आलो, तिथल्या तिथे कार्ड ट्यूबलाइटखाली धरलं. तोच रंग! तसूभरही फरक नाही! एवढा पक्का रंग मी सव्वीस वर्षांत पाहिला नव्हता. तेवढ्यात ऋतुजा फोन संपवून आली.

“ऋतू, बघ गं तुझे बाबा पांढऱ्या सीट घेतायत!”

ऋतुजाने कार्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा कसा होता कोण जाणे. ती म्हणाली, “आई, बाबा ठरवणार म्हटलं ना? मग बाबांनी ठरवलं.”

सेल्समनने तो तुकडा ऑर्डरच्या फॉर्मला स्टेपल केला. मी खिशातून पेन काढलं, तुकडा उलटवला, आणि सवयीने मागे झोकात लिहिलं, ‘तपासले, पास’. खाली सही. सव्वीस वर्षांतली सगळ्यात मोठी सही!

सीट ऑर्डरप्रमाणे बनणार होत्या, म्हणून तीन महिने थांबायचं होतं. मधल्या काळात मंगल सोसायटीभर “आमच्याकडे पांढऱ्या सीट येणार” म्हणून सांगत सुटली, आणि मी तिच्या मागोमाग “बिस्किट, बिस्किट” असं दुरुस्त करत फिरलो. कंपनीत एक दिवस बर्फासारख्या पांढऱ्या लेदरचा छोटा लॉट तपासायला आला. मी शेजारच्या टेबलावरच्या सोनवण्यांना म्हणालो, “बघा हो, चाकणच्या या धुळीत पांढऱ्या सीट! पैसा असतो, अक्कल नसते.” आम्ही दोघं पोट धरून हसलो. शेड जुळत होती, मी लॉट पास केला.

डिलिव्हरीच्या दिवशी आम्हाला तासभर आत सोफ्यावर बसवून कागदपत्रं झाली. मग हॉलमध्ये नेलं. निळ्या गाडीवर सॅटिनचं कापड, समोर नारळ, हार. मंगलच्या हातात हळदीकुंकवाचं ताट, दत्ताच्या हातात मोबाइल. कापड ओढलं, टाळ्या झाल्या, आणि सेल्समनने माझ्यासाठी अदबीने दार उघडलं.

आत पांढरंशुभ्र! दुधासारखं! दवाखान्यातल्या चादरीसारखं!

“हे काय आहे?” मी म्हणालो.

“तुमची गाडी, सर.”

“सीट चुकीच्या आहेत! मी बिस्किट पास केलं होतं! माझ्याकडे असला लॉट आला असता तर—” इथे मला तो लॉट आठवला आणि सोनवणेही आठवले, पण रागाची गाडी पुढे गेली होती. “रिजेक्ट! परत पाठवा! फॉर्म आणा! माझी सही असलेला तुकडा आणा!”

शोरूममधली बाकीची गिऱ्हाइकं वळून बघू लागली. कोणाच्या तरी हातातला पेढा तसाच राहिला. सेल्समनने बिचाऱ्याने फॉर्म आणला. मी तो हिसकावून घेतला आणि सगळ्यांना घेऊन बाहेर उन्हात गेलो. फसव्या दिव्यांखाली मला वाद घालायचाच नव्हता. तुकडा हातभर लांब धरला, तिरका धरला, मिनिटभर नीट पाहिला.

“बघा!” मी विजयाने ओरडलो. “बघा, बिस्किट! आता बोला! हा तुकडा बिस्किट आहे आणि आतल्या सीट पांढऱ्या आहेत! कोण चुकलं?”

सेल्समनने मान खाली घातली. मला वाटलं, हरले! मग ऋतुजा पुढे आली. तिने अगदी हलक्या हाताने माझ्या नाकावरचा चष्मा काढला.

तुकडा धूसर झाला. पण पांढरा झाला.

तिने चष्मा माझ्या हातात दिला. त्याच्या काचा चहासारख्या तपकिरी झाल्या होत्या.

“बाबा, या काचा उन्हात गडद होतात. सांगितलं होतं ना?”

“तू म्हणालीस, उन्हाचा त्रास होणार नाही!”

“मग गडद झाल्याशिवाय त्रास कसा कमी होणार?”

“आणि आत ट्यूबखाली पाहिलं तेव्हा?”

“परत साफ व्हायला पाच-दहा मिनिटं लागतात, बाबा.”

“म्या सांगितलं व्हतं,” दत्ता म्हणाला. “गॉगल काढा म्हणून. पयल्याच दिशी.” तो हे मोबाइलमध्ये शूटिंग करता करता म्हणाला, म्हणजे ते कायमचं राहिलं.

सेल्समनला मी विचारून पाहिलं, बदलून मिळेल का. तो म्हणाला, “सर, तुम्हीच बघा,” आणि तुकडा उलटवून दाखवला. ‘तपासले, पास’. ती सही मात्र चष्म्याशिवायही दिसत होती.

(उन्हात गेल्यावर जग थोडं तपकिरी दिसतं, हे मला इतके महिने जाणवलं नाही का, असं तुम्ही विचाराल. जाणवलं होतं! पण मला वाटलं, चाकणची धूळ.)

गाडी पहिल्यांदा देहूला न्यायची, हे मंगलचं आधीच ठरलं होतं. दर्शन झालं, सगळ्यांच्या कपाळाला बुक्का लागला. दत्ताने हाताला लागलेला बुक्का झटकला न झटकला, आणि गाडीत शिरताना पांढऱ्या सीटला भक्कम हात टेकला. पाचही बोटं, काळीभोर, ठसठशीत! मी काही बोलायला तोंड उघडलं, तर मंगलने माझ्याकडे असं पाहिलं की मी इंद्रायणीकडे बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी ती सीटकव्हर आणायला निघाली. मी चपला घातल्या.

“तुम्ही नाही यायचं,” ती म्हणाली.

तिने एकटीने जाऊन कव्हर आणली आणि बसवूनही घेतली. संध्याकाळी मला खाली बोलावलं. “बसा,” म्हणाली. मी बसलो, मागे टेकलो, पाय पसरले. ती दारापाशी उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती. “हाच ना हो तुमचा रंग?” तिने हळूच विचारलं. हाच होता. सव्वीस वर्षांत बायकोने पहिल्यांदा माझ्या आवडीचा रंग आणला होता, आणि तोही मला दुकानात न नेता!

आता मी रोज त्या सीटवर बसतो. रंग अगदी बिस्किट आहे, असं घरातल्या सगळ्यांचं मत आहे. मी मात्र कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवणारा माणूस नाही. खात्री करून घ्यायला मी आधी चष्मा काढतो, आणि मग मला सीटच दिसत नाही.