भिमाजींच्या नावाची टाकी

१४ ऑगस्ट २०२३ रोजी कानिफनाथ दहिफळे यांनी २३९ रुपयांचं रिचार्ज मारलं, ते केवळ एका चित्रासाठी. दुसऱ्या दिवशी झेंडावंदनानंतर गावच्या नव्या टाकीत पहिल्यांदा पाणी सोडायचं होतं. ही टाकी सरपंच भिमाजी पालवे यांनी पाथर्डीला खेटे घालघालून मंजूर करून आणली होती, आणि भिमाजी हे कानिफनाथांचे शाळेपासूनचे मित्र.

कानिफनाथांची पिठाची गिरणी. तरुणपणी ते मराठी टायपिंग शिकले, परीक्षाही पास झाले, पण नोकरी काही लागली नाही. क्लासमध्ये मास्तरांची पाठ फिरली की फुल्या नि टिंबं मारून ते कागदावर मोर उमटवायचे. मोबाईल हातात आल्यावर ती जुनी खोड पुन्हा उफाळून आली. दळण पडत असताना स्टुलावर बसून ते अक्षरं, कंस, दंड जुळवून दिवा काढत, बैल काढत आणि गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकत. कुणी एखादा अंगठा द्यायचा. बाकी सगळा शुकशुकाट.

टाकीवर मात्र त्यांनी जीव ओतला. खाली उभ्या दंडांचे पाय आणि वर भिमाजींच्या नावाची भरीव टाकी. प्रत्येक ओळीत तीनदा ‘भि मा जी’. नाव उठून दिसावं म्हणून अक्षरं सुटी सुटी ठेवलेली. त्यांच्या मोबाईलवर टाकी अगदी ओळंब्यात उभी होती. सकाळी ती ग्रुपवर टाकून ते झेंडावंदनाला गेले.

परत आले तर त्यांच्या पत्नी गोजरबाई मोबाईल डोळ्यांपासून लांब धरून बसलेल्या. नजर अधू झाल्यापासून त्यांनी मोबाईलची अक्षरं मोठी करून घेतली होती.

“आवं, भिमाजीभावजींना माजी का करून ठिवलंय?”

“काय बोलतीस?”

“बघा की. समदीकडं माजीच हाय.”

कानिफनाथांनी पाहिलं. मोठ्या अक्षरांत ओळ मावत नव्हती. ती मोडून उरलेली अक्षरं खाली पडत होती:

भि मा जी भि मा जी भि
मा जी
भि मा जी भि मा जी भि
मा जी

वरपासून खालपर्यंत हेच. गावातल्या निम्म्या जाणत्या माणसांचे मोबाईल असेच मोठ्या अक्षरांचे. आणि नेमक्या त्याच आठवड्यात, सदस्य सरपंचावर अविश्वास ठराव आणणार, अशी कुजबुज सुरू होती.

“काढून टाका ते,” गोजरबाई म्हणाल्या. “सगळ्यांच्या मोबाईलमधनं निघतं म्हनं.”

“काढतो.”

त्यांनी ग्रुप उघडला. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांगच लागली होती. विरोधी गटाचे सदस्य बिभीषण यांनी लिहिलं होतं, “नाथाभाऊ, तुमी तर सरपंचाला त्याच्याच टाकीत बुडवलं.” त्याखाली दुसऱ्या कुणाचं, “लई बारीक काम. कलाकार हाय आपला नाथा.” आणि शेवटी एक प्रश्न: “मुद्दाम केलं का चुकून झालं?”

‘चुकून’ एवढंच लिहायचं होतं. पण इतक्या वर्षांत त्यांच्या चित्राकडे कुणी दुसऱ्यांदा पाहिलं नव्हतं, कलाकार तर कुणीच म्हटलं नव्हतं. कानिफनाथांनी उत्तरादाखल काळा चष्मा घातलेला हसरा चेहरा पाठवला आणि मोबाईल खिशात घातला. चित्र तसंच राहिलं.

ठराव आला आणि बारगळलाही. भिमाजींची खुर्ची टिकली, पण गावानं त्यांना माजी केलं ते केलंच. पारावर बसलेली पोरं ते दिसले की म्हणायची, “सरका, माजी आले.” कानिफनाथ मग मान खाली घालून गिरणीचा पट्टा तपासत बसत. चांगला असला तरी तपासत.

दिवाळीआधी पाथर्डीला जायला ते जीपपाशी आले, तर भिमाजी तिथंच उभे. टाळता येईना.

“बसा माजी, पुढं बसा,” ड्रायव्हर म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणाही नव्हता. त्याला तेच नाव ठाऊक. भिमाजी निमूटपणे पुढं बसले आणि त्यांनी सरकून कानिफनाथांना शेजारी जागा करून दिली.

जीप गावाबाहेर पडली. मग कानिफनाथ म्हणाले, “भिमाजी, ते चित्र...”

“आरं, ठाव हाय मला. मोबाईलचा दोष. मी समद्यांना सांगितलं, नाथा असं करनार न्हाई.” भिमाजी समोर रस्त्याकडे पाहत होते. “तो चष्म्यावाला चेहरा पन चुकून दाबला गेला आसंल.”

खरं सांगायला याहून बरी वेळ येणार नव्हती, हे कानिफनाथांना कळत होतं.

“व्हय,” ते म्हणाले. “चुकून.”

“तेच म्हनतो मी.”

स्टँडवर उतरल्यावर भिमाजींनी दोघांचं भाडं दिलं आणि ते तहसीलकडे चालू लागले. कानिफनाथांच्या वाट्याचे तीस रुपये अजून द्यायचे आहेत.