घेते गं

माझ्या थोरल्या जावेला सगळी इमारत भोंगा म्हणते. तोंडावर म्हणते आणि तीही ओ देते. प्रसूतीच्या वॉर्डात आया म्हणून तिची सारी नोकरी झाली. लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला पेंगत बसलेल्या नातेवाइकांना वॉर्डाच्या दारातूनच ‘मुलगी झाली, टोपडं आणा’ असं ओरडून सांगायचं, हे तिच्याकडे होतं. निवृत्त होताना गणवेश परत दिला, आवाज कोणी मागितला नाही, असं ती म्हणते.

इमारतीच्या मागे, पाण्याच्या टाकीपलीकडे, राडारोडा पडलेली जागा होती. ती हिनं आणि इतर काही बायकांनी उपसली. फरशीचे तुकडे निघाले, बाटल्या निघाल्या, एकदा अख्खा कमोड निघाला. मग वाफे झाले. त्या जागेला आम्ही कधी बागसुद्धा म्हटलं नाही. ‘मागे जाऊन येते’ एवढंच. वाफा कोणाचा, असंही कोणी म्हणत नसे. कोणाकडे आहे, असं म्हणत. वांगी भोंग्याकडे, मिरच्या शिंपीणबाईंकडे. म्हणजे पाणी घालायचं काम तिच्याकडे, बाकी सगळ्यांचं.

दुसरीच्या वाफ्यातलं काही हवं असेल तर खाली उभं राहून तिच्या खिडकीकडे बघत ओरडायचं, ‘घेते गं दोन वांगी.’ वरून कोणीतरी कढईवरून मान न उचलता म्हणायचं, ‘घे.’ घरात कोणी नसलं तरी हाक मारायचीच. घेऊ का, असं कोणी विचारत नव्हतं. किती घेतलं ते सगळ्या इमारतीला ऐकू गेलं की झालं. जाऊबाईंची हाक तर बसथांब्यावर पोचायची. एकदा समोरच्या इमारतीला रंग देणारा माणूस परांचीवरून म्हणाला होता, ‘घ्या मावशी.’

मग साहेब राहायला आले. जमीन मोजणीच्या कार्यालयातून निवृत्त झालेले, पहिल्या मजल्यावर. वर्ष व्हायच्या आत सोसायटीचे अध्यक्ष झाले. हात मागे बांधून वाफ्यांमधून फिरले आणि म्हणाले, “फार विस्कळीत आहे हो हे.” त्यानंतर मागची जागा ‘हरित क्षेत्र’ झाली. वाफ्याचा भूखंड झाला, त्याला पत्र्याचा क्रमांक लागला. आम्ही भूखंडधारक झालो. मला वाटलं, म्हणू देत बापडे, मिरच्यांना काय कळतंय. पण बायकांना कळलं. भूखंड म्हटल्यावर हद्द आली, हद्दीवर जाळी आली. शेजारच्या वाफ्यावर सहज झारी रिकामी करणारी शिंपीणबाई आता झारी उलटी धरून शेवटचा थेंबही आपल्याच हद्दीत झटकायला लागली. मला तिच्या त्या झटक्याची शिसारी यायची.

पुढे शिंपीणबाई लेकीकडे राहायला गेली आणि तिचा वाफा साहेबांच्या बायकोच्या नावे झाला. तिला सगळे मॅडम म्हणतात. एका सकाळी जाऊबाई नेहमीसारख्या ओरडल्या, “घेते हो चार मिरच्या.” मॅडम बाल्कनीत कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी ऐकलं, चिमटा लावला, आत गेल्या.

त्या रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सभा झाली. साहेबांनी कागद वाचला. सदर महिलेने अन्य धारकाच्या भूखंडातून अनधिकृत उचल केली असून ती चोरी समजण्यात येत आहे.

“कोणी केली?” जाऊबाईंनी विचारलं.

“आपण.”

“मी हाक मारली होती. तुमच्या बाईसाहेब समोर उभ्या होत्या.”

“हाक म्हणजे परवानगी होत नाही.”

“चोर काय घसा फोडत येतो, साहेब?”

लोक हसले. मग साहेबांकडे बघितलं आणि थांबले. ते थांबणं फार घाणेरडं होतं, तोंडातला घास कोणी परत ताटात काढून ठेवावा तसं.

मी म्हणाले, “आम्ही सगळ्याच अशा घेत होतो.”

“नोंद घेतली,” साहेब म्हणाले आणि काहीच लिहिलं नाही. तिची वांगी वर्षानुवर्षं खाल्लेल्या बायका आपापल्या चपला बघत होत्या.

साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, “एक ओळ लिहून द्या. चोरी झाली, पुन्हा होणार नाही. विषय संपला. नाहीतर भूखंड परत घ्यावा लागेल.”

वॉर्डात एकदा एका बाळंतिणीच्या आईची अंगठी हरवली होती. जाऊबाईंना पडद्यामागे नेऊन झडती घेतली, केसांतसुद्धा बघितलं. नंतर अंगठी त्याच बाईच्या पर्सच्या अस्तरात सापडली. हे मला ठाऊक होतं, जाऊबाईंच्या मुलालाही ठाऊक होतं. तरी तो तिच्या कानाशी वाकून म्हणाला, “आई, देऊन टाक ना. नुसता शब्द तर आहे.”

“मग तू दे लिहून. माझी आई चोर आहे, असं.”

तो मोबाइल बघायला लागला.

जाऊबाई उठल्या आणि पायाशी ठेवलेली झारी त्यांनी साहेबांच्या टेबलावर ठेवली. “वाफा ठेवून घ्या. ते मी लिहिणार नाही.”

वाफ्यावर ‘रिक्त’ अशी पाटी लागली. वांग्याच्या झाडांना पाटी वाचता येत नाही, ती लगडतच राहिली. इतर जाळ्यांमागे टोमॅटो पिकून गळत होते. धारक कामावर, आणि दुसऱ्यानं तोडायचे नाहीत. त्यांचा आंबूस वास जिन्यापर्यंत यायचा, चिलटं स्वयंपाकघरात शिरायची. हाका बंद झाल्या. त्याऐवजी दुपारी, सगळे लवंडले की, खाली पिशव्यांची सळसळ ऐकू यायची. चपला हातात घेऊन येणारी माणसंही मी बघितली. चोरी हा शब्द यायच्या आधी तिथे कोणी चोरी केली नव्हती.

अशाच एका दुपारी मी जाऊबाईंकडे डाळ निवडत बसले होते. त्या खिडकीत उभ्या होत्या.

“इकडे ये,” त्या हळूच म्हणाल्या. त्यांना हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं.

खाली मॅडम. ‘रिक्त’च्या पाटीला पिशवी अडकवलेली, दोन्ही हात झाडात.

“ताई, साहेबांना बोलावू?”

“कशाला? झोपू दे त्यांना.” आणि कठड्यावर कोपर टेकून वॉर्डातल्या आवाजात म्हणाल्या, “घ्या हो मॅडम, घ्या. मागच्या झाडाची आधी तोडा, जून होतील.”

एकेक खिडकी उघडली. मॅडम वांगं हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग वर न बघता म्हणाल्या, “मी फक्त बघत होते.” वांगं त्यांनी मातीवर ठेवलं, पिशवी काढली आणि भिंतीच्या कडेकडेनं गेल्या. पिशवी जड होती.

खिडक्या लागल्या.

जाऊबाईंनी चेहरा असा केला होता, जसं दुधात काहीतरी निघालंय. “त्या अंगठीवालीनंही हेच केलं होतं,” त्या म्हणाल्या. “मी फक्त विचारत होते, म्हणाली. शी.”

मग सिंकपाशी जाऊन त्यांनी साबणानं हात धुतले, कोपरापर्यंत, वॉर्डात धुवायच्या तसे. ते वांगं बरेच दिवस खाली मातीवरच पडून होतं. आत अळ्या झाल्या तरी कोणी उचललं नाही.