दुसरी रेघ

खालच्या मजल्यावरचा बेळगावकडचा इंजिनिअर गरोदर बायकांची लघवी तपासायच्या पट्ट्या बनवतो. तीन थेंब टाकायचे, दुसरी रेघ उमटली तर धोका. नवी पट्टी झाली की बनावट नमुना घेऊन तो माझ्याकडे येतो. माझ्या थरथरत्या हातांना जमलं तर कुणालाही जमेल म्हणे! थेंब बाहेर सांडला की कानडीत “सरी अज्जी,” म्हणजे ‘बरं आजी’, म्हणतो, “चूक माझी,” आणि वहीत लिहितो.

परवा त्यानं विचारलं, “रेघ दिसली का?”

“दिसली की!” मी ऐटीत म्हटलं. चष्मा आतल्या खोलीत होता. बघण्याच्या कार्यक्रमात चष्मा लपवून, नवऱ्याऐवजी त्याच्या काकांकडे बघून लाजलेली बाई मी.

तो हरखला. “उद्याच देवनहळ्ळीच्या नर्सबाईंना देतो.”

मी त्याची बाही धरली. “थांब रे. नाही दिसली. खोटं बोलले.”

त्यानं वहीच काढली. “चूक माझी, अज्जी. ‘दिसली का’ विचारल्यावर कुणीही हो म्हणेल.”

आठवड्यानं तो सुधारलेली पट्टी घेऊन पुन्हा आला. “अज्जी, काय दिसतंय?”

या वेळी चष्मा मुद्दामच उशीखाली ठेवला होता; बिनचष्म्याच्या बाईलाही रेघ दिसायला हवी. “दोन रेघा. दुसरी चांगली ठसठशीत.”

मग त्याचा चेहरा बघायला तेवढा चष्मा लावला.