चिंधी बांधलेलं उलथनं

शिवकन्येला 'कावून' विचारायची खोड कुठून लागली, हे घरात कुणालाच सांगता यायचं नाही. घराण्यात तसं कुणी नव्हतं. बाप सटवा, चाळीस मेंढरं आणि दहा-बारा शेळ्यांमागे माळानं फिरणारा. दिवसाकाठी वीस शब्द बोलला तर डोक्यावरून पाणी. आई भामाबाई बोलायची, पण कुणी विचारलं तरच. आणि ही पोरगी मात्र उठल्यापासून सुरू. उन्हात मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी घालून उभी राहतात, ती कावून? शेळीला वरचे समोरचे दात नसतात, ते कावून?

"देवानं दिले न्हाईत म्हून," सटवा म्हणायचा.

"देवानं कावून दिले न्हाईत?"

यावर सटवा काठी उचलून चालू लागायचा.

इतकं विचारणाऱ्या या पोरीनं एक गोष्ट मात्र कधीच विचारली नव्हती. त्यांच्या घरात उलथनी दोन होती. एक भाकरीचं, काळं पडलेलं. दुसरं चुलीच्या वरच्या कोनाड्यात ठेवलेलं, आणि त्याच्या पुढच्या चपट्या टोकाला चिंधी गुंडाळून गाठ मारलेली. ते भाकरीला कुणी घ्यायचं नाही. दर दोन-तीन महिन्यांनी भामाबाई एकाएकी ताठ व्हायची, खाली पडायची, हातपाय झाडायची, तोंडाला फेस यायचा. "दातखीळ बसली! उलथनं आण!" सटवा ओरडायचा, शिवकन्या पळत जाऊन ते चिंधीचं उलथनं आणायची आणि सटवा त्यानं बायकोचे आवळलेले दात उघडायला बघायचा. थोड्या वेळानं भामाबाई शुद्धीवर यायची. यमाच्या दारातून बायकोला माघारी आणलं, असं सटवा म्हणायचा आणि त्या एका गोष्टीबद्दल त्याला मनातून फार अभिमान होता. शिवकन्येला वाटायचं, दोन उलथनी सगळ्यांच्याच घरी असतात. जे जन्मापासून कोनाड्यात दिसतं, त्याबद्दल माणूस विचारणार तरी काय?

बारावीनंतर नर्सिंगला नंबर लागला नाही. बीडच्या बसस्थानकामागं एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दाताच्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करायचं शिकवतात, वर्षाचा कोर्स आहे, असं कुणीतरी सांगितलं. शिकवणाऱ्या होत्या डॉक्टर संस्कृती. प्रवेशाच्या वेळी त्यांनी विचारलं, "दातांचंच का गं?" शिवकन्येनं खरं ते सांगून टाकलं, "शेळीला वरचे समोरचे दात न्हाईत. कावून न्हाईत ते कुनी सांगत न्हाई."

डॉक्टरीणबाई आधी पोटभर हसल्या आणि मग त्यांनी सांगितलं. शेळीच्या वरच्या हिरडीवर एक टणक गादी असते, खालचे दात आणि ती गादी यांच्यात पाला धरायचा आणि झटका देऊन तोडायचा, तिला वरचे दात लागतच नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या 'कावून'ला सरळ उत्तर दिलं होतं. त्या दिवसापासून शिवकन्या तो तिसरा मजला दोन-दोन पायऱ्या गाळत चढू लागली. आठवडाभर बीडला मावशीकडे राहायचं आणि शनिवारी गावी यायचं, असं चाललं. वर्गातल्या पोरी तिला 'कावूनबाई' म्हणायच्या. यात आरोही सगळ्यांत पुढे, आणि तीच तिची जिवाभावाची मैत्रीणही झाली.

दिवाळीनंतर डॉक्टरीणबाईंनी घरी करायचं काम दिलं. ओळखीच्या पाच माणसांची तोंडं तपासायची, दातांचा तक्ता भरायचा. कुठला दात किडलेला, कुठला पडलेला, कुठला हलतो ते सगळं लिहायचं. शिवकन्येनं सुरुवात आईपासून केली. भामाबाईला उन्हात बसवलं, मोबाइलची बॅटरी लावली, आणि तिचा जीव हरखला. असे दात! दाढा सगळ्या जागेवर, कीड औषधालाही नाही. पण समोरच्या दातांपाशी आली तशी ती थबकली. वरचे दोन दात तिरपे, अर्धे मोडलेले. खालचा एक नाहीच. त्याच्या शेजारचा बोट लावलं की डुलत होता.

"माय, समोरचेच कावून गं मोडले?"

"ऊस खाल्ला आसंल," भामाबाई म्हणाली आणि तोंड मिटून घेतलं.

सटवाला विचारलं तर तो म्हणाला, "पडली आसंल."

दोघांची दोन उत्तरं, आणि दोन्हींत 'आसंल'. आता एवढ्यावर शिवकन्या गप्प बसते होय? तिनं सोमवारी तक्ता डॉक्टरीणबाईंपुढे धरला. त्यांनी चष्मा वर केला. "कीड नाही, हिरड्या ठीक. तोंडावर पडल्या असत्या तर ओठाला, हनुवटीला कुठेतरी खूण राहिली असती. आहे का?" खूण नव्हती. "मग विचार परत. आणि तो हलणारा दात बघून घ्यायला हवा, घेऊन ये त्यांना." शिवकन्येच्या डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच.

त्याच आठवड्यात प्रथमोपचाराचे वर्ग सुरू झाले. शिकवायला गहिनीनाथ सर यायचे, बारा वर्षं रुग्णवाहिकेवर काढलेला माणूस. सोबत एक रबरी धड आणायचे, छाती दाबायची सवय व्हावी म्हणून. पोरींनी त्या धडाचं नाव बंकटराव ठेवलं होतं. बंकटराव दिवसातून वीसदा मरायचे आणि वीसदा जिवंत व्हायचे. सुईच्या भीतीनं खुर्चीतच चक्कर आली तर खुर्ची आडवी करून पाय वर घ्यायचे. साखर उतरली आणि माणूस शुद्धीवर असेल तर साखरेचं पाणी द्यायचं. हे सगळं शिवकन्येनं वहीत उतरवलं आणि प्रत्येक ओळीला सरांना एकेक 'कावून' लावला. सर वैतागले नाहीत. नाडी मोजायला सेकंदकाट्याचं घड्याळ आणा म्हणाले, तर शिवकन्येनं बाजारातून लाल काट्याचं घड्याळ आणलं आणि पहिल्या दिवशी भेटेल त्याचा हात धरून नाडी मोजली.

तिसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "खुर्चीतल्या माणसाला फिट आली. तुमच्याकडं अशा वेळी काय करतात?"

"कांदा फोडून नाकाला लावत्यात," आरोही म्हणाली. कुणी चप्पल म्हणालं, कुणी हातात लोखंड म्हणालं. शिवकन्येनंही हात वर केला.

"सर, आमच्याकडं उलथनं लावत्यात. चिंधी बांधलेलं."

वर्ग खो-खो हसला. सर हसले नाहीत. तिचाच शब्द उचलून त्यांनी विचारलं, "चिंधी कावून?"

"दातांना लागू नये..." असं म्हणून शिवकन्या जी थांबली, ती थांबलीच. वरचे दोन तिरपे. खालचा एक नाही. शेजारचा हलतो. उन्हात बसलेली माय आणि 'ऊस खाल्ला आसंल'.

सर पुढे सांगत होते. दाताच्या दवाखान्यात दिवसभर माणसाच्या तोंडात हात असतात, पण फिट आली की पहिला नियम, तोंडातलं सगळं बाहेर. खुर्ची खाली, अवजारांचा ट्रे लांब. डोक्याखाली मऊ काहीतरी, माणूस कुशीवर. हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात काही घालायचं नाही. चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही. जीभ चावली तरी ती भरून येते. मोडलेला दात भरून येत नाही, आणि त्याचा तुकडा श्वासनळीत गेला तर माणूस फिटनं नाही, आपल्या हातानं मरतो. घड्याळ लावायचं. पाच मिनिटांच्या आत बहुतेकदा आपोआप थांबतं. नाही थांबलं तर एकशे आठ. आणि याला गोळ्या असतात, नेमानं घेतल्या तर बरीच माणसं चांगली राहतात.

"म्हणजे आपण करायचं काय, सर?" आरोहीनं विचारलं.

"बसायचं. तेच अवघड असतं."

शिवकन्येनं त्या तासाला एकही प्रश्न विचारला नाही. आरोहीनं दोनदा कोपरानं ढोसलं, तरी नाही.

शनिवारी गावी जाताना एसटीत तिनं वाक्यं जुळवली. आबा, तुमी जे करता ते चुकीचं हाय. नको. आबा, सर म्हणत हुते. तेही नको. यमाच्या दारातून बायको माघारी आणणाऱ्या माणसाला कुठल्या तोंडानं सांगायचं, की बाबा, तू तिचे दात मोडलेस? आणि उलथनं पळत जाऊन आणून कुणी दिलं? हिनंच. पण तो खालचा हलणारा दात काही तिच्या डोक्यातून जाईना. पुढची फिट कधी यायची, याला पंचांग नव्हतं. घरी पोचल्यावर तिनं जे केलं ते भित्र्या माणसाचं काम होतं. बोलली काहीच नाही. संध्याकाळी कोनाड्यातलं उलथनं उचललं आणि लोकरीच्या पोत्यात खोल खुपसून ठेवलं.

रविवारी सकाळी बाभळीखाली मेंढरं कातरायचं काम चाललं होतं. सटवाच्या हातात कातर, भामाबाईनं मेंढीचे पाय धरलेले. पलीकडे मुंजाजी चुलता दुसरी मेंढी घेऊन बसला होता. एकाएकी भामाबाईच्या हातातले पाय सुटले आणि अर्धी कातरलेली मेंढी लोकर लोंबवत पळाली. सटवा तिला शिवी घालणार तोच त्याला बायको दिसली. ती ताठ होऊन मागे कलली होती.

"दातखीळ बसली! शिवे, उलथनं!"

शिवकन्या आईजवळ पोचली, गुडघ्यावर बसली, उलथन्याला मात्र गेली नाही. सटवा स्वतः घरात धावला. भांडी आदळल्याचा आवाज आला. तो रिकाम्या हातानं परत आला तेव्हा त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. मुंजाजीनं चप्पल काढून हातात घेतलीच होती. सटवाची नजर जमिनीवर फिरली आणि त्यानं लोकर कापायची कातर उचलली. लांब पात्यांची, लोखंडी.

लपवालपवीचं हे फळ. उलथन्याला निदान चिंधी तरी होती.

शिवकन्येनं बापाचं मनगट धरलं. असं तिनं जन्मात केलं नव्हतं. "आबा, न्हाई!"

"सोड! जीव जाईल तिचा!"

"न्हाई जात. तोंडात काय घालायचं न्हाई. दात मोडून नरड्यात गेला तर जीव जाईल. ह्ये धरा." तिनं हातातलं घड्याळ काढून त्याच्या मुठीत कोंबलं. "लाल काटा बघा. किती फेऱ्या मारतो ते मोजा. पाचाच्या वर गेला तर गाडी बोलवायची हाय. तुमच्यासारखं मोजायला मला येत न्हाई आबा, तुमी मोजा. काका, ती चप्पल पायात घाला आन् मेंढरं लांब हाका!"

कातर सटवाच्या हातातून कधी पडली, ते त्यालाही कळलं नाही. माळावर पांगलेली चाळीस मेंढरं एका नजरेत मोजणारा माणूस तो. मोजायचं म्हटल्यावर त्याचे डोळे आपोआप त्या लाल काट्याला चिकटले.

शिवकन्येनं ओढणीची घडी आईच्या डोक्याखाली सरकवली. जवळचे दगड लांब फेकले, कातर ढकलली, आईला कुशीवर कलतं केलं. मग करायला काही उरलं नाही. आणि तेव्हा ती खरी घाबरली. बंकटराव कधी असे निळे पडले नव्हते. त्यांच्या घशातून असा घर्र आवाज येत नव्हता. सर चुकले असतील तर? ऐकण्यात आपलीच काही चूक झाली असेल तर? हात आईच्या तोंडाकडे जाऊ नयेत म्हणून ते तिनं मांडीखाली दाबून धरले.

"येक," सटवा म्हणाला.

दूर मेंढी ओरडली.

"दोन."

तिसरी फेरी अर्धी झाली आणि भामाबाईचं अंग सैल पडलं. श्वास मोठा झाला, मग संथ. शिवकन्येनं मांडीखालून हात काढले, ते मुंग्या येऊन बधिर झाले होते. फेस पुसता पुसता तिला रडू कोसळलं, आणि ते तिनं लपवलं नाही.

"आडीच," सटवा म्हणाला. घड्याळाकडे बघतच होता. "आडीचच फेऱ्या? मला तर वाटायचं, तासभर चालतंय."

भामाबाईला सावध व्हायला अर्धा तास लागला. डोळे उघडले, बाभळ पाहिली, नवरा पाहिला, पोरगी पाहिली. मग सवयीनं तिनं बोट ओठांवरून, दातांवरून फिरवलं आणि डोळ्यांपुढे धरून बघितलं. बोटाला रक्त नव्हतं. ती बुचकळ्यात पडली.

"आज उलथनं गावलं न्हाई व्हय?" तिनं विचारलं.

मुंजाजी मेंढरांकडे बघू लागला. सटवानं बायकोच्या त्या कोरड्या बोटाकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे, आणि त्याला जे कळायचं ते कळलं. शिवकन्येनं एसटीत जुळवलेलं एकही वाक्य लागलं नाही.

"तुला ठावं हुतं?" त्यानं विचारलं.

"तोंड माझंच हाय की."

"आन् मंग इतकी वर्सं बोलली कावून न्हाईस?"

भामाबाईला झोप अनावर झाली होती. डोळे मिटता मिटता ती म्हणाली, "तुमी चिंधी बांधली हुती की."

शिवकन्या उठली, लोकरीच्या पोत्यातून तिनं उलथनं काढलं आणि बापापुढे ठेवलं. "मीच लपवलं हुतं, आबा. आन् आजवर पळत जाऊन आणून बी मीच दिलं." मग सरांनी सांगितलेलं गोळ्यांचंही तिनं बापाच्या कानावर घातलं. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात कोणत्या वारी जायचं, गोळ्या कायमच्या घ्याव्या लागतील का, एवढं सटवानं विचारून घेतलं. मग उलथनं मांडीवर घेऊन तो चिंधीची गाठ सोडायला बसला. जुनी, मळून घट्ट झालेली गाठ, नख लागेना.

"कातरीनं काप ना बे," मुंजाजी म्हणाला.

सटवानं ऐकलं नाही. झोपलेल्या बायकोच्या उशाशी बसून तो नखानंच एकेक पदर सोडवत राहिला. शिवकन्या शेजारी बसून बघत होती. कावून, ते तिनं विचारलं नाही.